मसाल्याच्या डब्याशिवाय: बोलोन्यातलं रोजचं स्वयंपाकघर

इटलीतल्या बोलोन्यात आले त्याच आठवड्यात मी सुपरमार्केटमध्ये पिठांसमोर अर्धा तास उभी होते. हवी होती साधी कणीक. समोर एक-एक किलोच्या कागदी पुड्यांची रांग आणि त्यांवर आकडे: ००, ०, १, २. शिवाय एक 'इन्तेग्राले', एक 'मानितोबा', एक पिवळसर 'सेमोला' आणि तिच्या शेजारी 'सेमोला रिमाचिनाता'. दोन शून्यं म्हणजे एका शून्याहून कमी की जास्त? कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण भाषेच्या नावाने माझ्याकडे 'बोंजोर्नो' आणि 'ग्रात्सिए' एवढंच भांडवल. शेवटी जिच्यावर गव्हाच्या ओंब्या जास्त काढल्या होत्या ती पुडी उचलली. त्या पोळ्या रात्रीपर्यंत पापडासारख्या कडकडीत झाल्या.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात नातेवाईक, मैत्रिणी, नव्याने इकडे शिकायला येणारी मराठी मुलं, सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं: "इटालियन जेवण सोपं गं, त्यात मसाले कुठे असतात!" मसाले नसतात हे खरं. सोपं मात्र नाही. आपल्या रश्श्यात वीस जिन्नस असतात. त्यातला एखादा शिळा निघाला तर बाकीचे एकोणीस सांभाळून घेतात. इथल्या रोजच्या पानात तीन नाहीतर चार जिन्नस असतात आणि प्रत्येकाला उघड्यावर उभं राहावं लागतं. त्यामुळे इथल्या बाईची निम्मी अक्कल खर्च होते ती बाजारात, पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाचण्यात. उरलेली मीठ, पाणी आणि आच यांत.

सुरुवात त्या पुड्यांपासूनच करू.

गहू दळून चाळला की कोंडा निघतो. किती कोंडा काढला हे मोजायचं तर पीठ जाळून बघतात. पिष्ट आणि प्रथिनं जळून जातात, मागे क्षारांची राख राहते, आणि गव्हातले क्षार असतात मुख्यतः कोंड्यात. म्हणजे राख जितकी कमी तितका कोंडा कमी आणि पीठ पांढरं. '००' मध्ये ही राख जास्तीत जास्त ०.५५ टक्के चालते, '०' मध्ये ०.६५, '१' मध्ये ०.८०, '२' मध्ये ०.९५. इन्तेग्राले, म्हणजे कोंड्यासकट, १.३ ते १.७ टक्के. थोडक्यात, ०० हा आपला मैदा. पीठ किती बारीक आहे हे या आकड्यावरून कळत नाही, तरी भारतातले पिझ्झावाले '००' म्हणजे जगातलं सगळ्यात बारीक पीठ असं छातीठोकपणे सांगतात. पीठ किती चिवट होईल हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी पुडी उलटी करून प्रथिनं बघायची: नऊ-दहा टक्के असतील तर केकला, तेरा-चौदा असतील तर पावाला. मानितोबा हे या दुसऱ्या जातीचं. ते नाव कॅनडातल्या एका प्रांताचं. तिथल्या गव्हावरून पडलं आणि चिकटलं.

हे झालं मऊ गव्हाचं. दुसरं घराणं कडक गव्हाचं, ग्रानो दूरो. आपला बन्सी गहू याच घराण्यातला. दाणा काचेसारखा, मधाच्या रंगाचा. दळायला घेतला की पीठ व्हायच्या आधी त्याचा रवा होतो. तो रवा म्हणजे सेमोला. तोच परत दळला की 'रिमाचिनाता', शब्दशः पुन्हा दळलेला. दक्षिणेत पुल्या प्रांतात आल्तामूरा गाव आहे, तिथला प्रसिद्ध पाव याच पुन्हा दळलेल्या सेमोलाचा. आतून पिवळा असतो आणि आठवडाभर टिकतो. माझ्या पोळ्यांचा प्रश्नही रिमाचिनातानेच सोडवला: निम्मं '२' नंबर, निम्मं रिमाचिनाता, कोमट पाणी, आणि भिजवल्यावर पाऊण तास विसरून जायचं. उपम्याला सेमोला बारीक पडतो, चिकट होतो. 'सेमोलीनो' नावाचा जाडसर रवा मिळतो, तो घ्यायचा. त्याचा शिरा तर झकास होतो.

आणि एक पुडी मी तीन वर्षं न बघता पुढे जात होते: 'फार्रो'. कडधान्यांशेजारी ठेवलेले लांबट तपकिरी दाणे. एकदा सहज मागची अक्षरं वाचली तर लॅटिन नाव 'त्रितिकुम दिकोक्कुम'. म्हणजे आपली खपली! सांगली-साताऱ्याकडून आणून आजी जिची खीर करायची, तीच. इथे तोस्कानाच्या डोंगरात, गार्फान्याना खोऱ्यात, ती अजून पिकते आणि लोक ती तांदळासारखी अख्खी शिजवून राजम्याच्या सुपात घालतात. मी गूळ आणि नारळाचं दूध घालून खीर केली. शेजारच्या सिन्योराने (म्हणजे शेजारच्या बाईंनी) दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, "फार्रो गोड कशाला केलास?"

पाणी, मीठ आणि फुटलेली कढी

सुक्या पास्त्याबद्दल इटलीने १९६७ साली कायदाच केला: तो कडक गव्हाच्या सेमोलाचाच हवा. त्याचं कारण भांड्यात दिसतं. मैद्याच्या शेवया उकळत्या पाण्यात जरा जास्त राहिल्या की लगदा होतो. कडक गव्हातल्या प्रथिनांचं जाळं घट्ट असतं, ते पिष्टाला आत धरून ठेवतं, म्हणून पास्ता बाहेरून शिजतो आणि आत थोडा दातांना लागतो. तेच 'आल देन्ते'. शिजत असताना एक मोडून बघा, मध्ये सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो. त्याला इथे 'आनिमा' म्हणतात, आत्मा. ठिपका पुरता जायच्या आधी पास्ता पाण्यातून काढायचा.

पुडीवर 'त्राफिलाता अल ब्रोंझो' लिहिलं असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. पास्ता ज्या चकतीतून दाबून काढतात ती काशाची, म्हणजे ब्राँझची आहे असा त्याचा अर्थ. ज्यांनी घरात पितळी सोऱ्या वापरला आहे त्यांना हे लगेच कळेल: धातूच्या चकतीतून शेव खरखरीत निघते, गुळगुळीत निघत नाही. कारखान्यातल्या टेफ्लॉनच्या चकतीतून पास्ता चकचकीत पिवळा निघतो, दिसायला देखणा. पण सॉस त्याच्यावरून घसरतो. काशाच्या चकतीतला फिकट दिसतो, अंगावर पिठूळ, आणि सॉस धरून ठेवतो. तो पाण्यात पिष्टही जास्त सोडतो. ते पिष्ट फार कामाचं आहे, त्याच्याकडे येतेच.

आधी मीठ. घरोघरी एकच हिशेब: १०० ग्रॅम पास्ता, एक लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सिन्योरा थट्टा करतेय. चौघांच्या पास्त्याला ४० ग्रॅम मीठ! पण पास्त्याच्या पिठात मीठ नसतं आणि बहुतेक मीठ पाण्याबरोबर ओतून जातं. शिजताना पास्ता जे पाणी पितो तेवढंच मीठ आत शिरतं. नंतर वरून कितीही भुरभुरलं तरी चव जिभेवर बाहेरच राहते, अळणी भातावर मीठ पसरल्यासारखी.

आता पिष्ट. आपण पास्ता गाळतो, पाणी मोरीत ओततो, आणि मग सॉस वर घालतो. हीच सगळ्यात मोठी चूक. इथे पास्ता दोन मिनिटं आधीच उचलून थेट सॉसच्या कढईत टाकतात आणि त्यावर ते गढूळ पाणी एक-दोन डाव घालून, कढई हलवत हलवत उरलेला तिथेच शिजवतात. तेल आणि पाणी एरवी एकमेकांना धरत नाहीत. पण पिष्ट सुटलेलं पाणी दाट असतं; जोरात घुसळलं की तेलाचे बारीक थेंब त्यात अडकून राहतात, परत एकत्र येऊन तवंग धरत नाहीत. ताटलीत मग तेलाचं तळं दिसत नाही, पास्त्याला सायीसारखा लेप बसतो. त्यात क्रीमचा थेंबसुद्धा नसतो. परदेशातली हॉटेलं हे घुसळणं टाळायला क्रीम ओततात.

माझी खरी फजिती झाली 'काचो ए पेपे' करताना. रोमचा पदार्थ, जिन्नस तीन: पास्ता, पेकोरिनो रोमानो चीज, मिरी. (हे 'रोमानो' चीज आज मुख्यतः सार्दिन्या बेटावर बनतं, ते असो.) मी गरम पास्त्यावर किसलेलं चीज घातलं आणि ढवळलं. डोळ्यांदेखत चीजचा रबरासारखा गोळा झाला आणि बाजूला पांढुरकं पाणी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गोळ्याकडे बघताना एकदम ओळख पटली. ही तर फुटलेली कढी!

आई ताकाला बेसन लावल्याशिवाय कधी चुलीवर चढवत नाही. दुधातली प्रथिनं तापली की एकमेकांना चिकटतात आणि पाणी बाहेर ढकलतात. त्यालाच आपण फुटणं म्हणतो. बेसनातलं पिष्ट फुगून त्या प्रथिनांच्या मधे येतं आणि त्यांना एकमेकांना मिठी मारू देत नाही. चीजमध्ये तीच प्रथिनं आहेत. म्हणजे काचो ए पेपेला हवं काय, तर मंद आच आणि भरपूर पिष्ट. आता मी चीज आधी वाटीत कोमट पिष्टाच्या पाण्यात पेस्टसारखं कालवते, गॅस बंद करते, मिनिटभर कढई निवू देते आणि मग ती पेस्ट घालून ढवळते. गोळा होत नाही.

यावर पुढे शास्त्रज्ञांनीही डोकं चालवलं. भौतिकशास्त्रातल्या इटालियन संशोधकांच्या एका गटाने प्रयोगशाळेत हाच सॉस वेगवेगळ्या तापमानांना तापवून बघितला. त्यांच्या मते चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के पिष्ट असलं की सॉस एकजीव राहतो, एक टक्क्याच्या खाली गेलं की गाठी. या कामाला २०२५ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं नोबेल. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बेसन लावा म्हणावं त्यांना."

फोडणी आणि सोफ्रित्तो

इथल्या फोडणीचं नाव सोफ्रित्तो. गाजर, कांदा आणि सेलरीचे देठ तिळाएवढे बारीक चिरायचे (चिरलेल्या ढिगाला 'बात्तूतो', आचेवर गेल्यावर 'सोफ्रित्तो') आणि ऑलिव्ह तेलात किंवा लोण्यात परतायचे. इथवर ओळखीचं वाटतं, आणि तिथेच आपण फसतो. आपली फोडणी सेकंदांची असते. तेल कडकडीत हवं, मोहरी तडतडली, हिंग फुलला की झालं, कारण मसाल्यातला वास तेलात उतरायला तेवढी धग पुरते आणि त्याहून जास्त झाली की करपतो. सोफ्रित्तोत मसालाच नाही. तिथे भाज्यांमधलं पाणी हळूहळू उडवून त्यांची साखर गोळा करायची असते. मंद आच, पंधरा ते वीस मिनिटं. रंग आला तर बिघडलं. झालं हे कळायचं कसं? नाकाने. सेलरीचा हिरवट उग्र वास गेला आणि कांदा काचेसारखा झाला की पुढची पायरी. माझा हात अजूनही गॅस मोठा करायला जातो.

आणखी एक सवय सोडावी लागली. कांदा आणि लसूण दोन्ही एकत्र घालायचं इथे सहसा कुणाच्या मनात येत नाही. एक तर हा नाही तर तो. लसूणसुद्धा पुष्कळदा सालासकट ठेचून तेलात टाकतात, तेलाला वास लागला की काढून फेकतात. सिन्योराने माझ्या कढईत दहा पाकळ्या बघितल्या त्या दिवशी ती काही बोलली नाही, नुसती खिडकी उघडली.

भाजीवाल्याकडे मात्र अगदी घरच्यासारखं वाटतं. भाजी घेऊन झाली की तो विचारतो, "ओदोरी हवेत?" ओदोरी म्हणजे सुवासाच्या गोष्टी: सेलरीचा एक देठ, एखादं गाजर, पार्सलीच्या चार काड्या. ओळखीच्या गिऱ्हाईकाला फुकट. तोस्कानात तर ही रीतच आहे. मंडईत पिशवीत वरून कढीपत्ता आणि कोथिंबीर टाकली जाते, तसंच. फक्त पार्सली दिसायला हुबेहूब कोथिंबीर असते. घ्यायच्या आधी पान चुरडून हुंगावं. खरी कोथिंबीर हवी तर बांगलादेशी किंवा मोरोक्कन माणसाचं दुकान गाठावं लागतं.

टोमॅटोचं थोडक्यात सांगते. डब्यातले अख्खे सोललेले ते 'पेलाती', गाळून घेतलेला दाट रस 'पास्साता', चेचलेले ते 'पोल्पा'. हिवाळ्यात ताजे टोमॅटो घेऊन सॉस करणारी बाई इथे अडाणी ठरते. जानेवारीतल्या फिक्या टोमॅटोपेक्षा ऑगस्टमध्ये बाटलीत भरलेला केव्हाही चांगला. दक्षिणेत अजून कित्येक घरांत उन्हाळ्याच्या शेवटी सगळं कुटुंब अंगणात जमतं, मणभर टोमॅटो उकडून यंत्रातून काढतं, प्रत्येक बाटलीत तुळशीच्या जातीचं बाझिलिकोचं पान घालतं आणि मोठ्या पिंपात त्या बाटल्या उकळतं. नेपल्सच्या बाजूच्या एका ओळखीच्या घरी मी एकदा गेले होते. मुलं झाकणं पुसत होती, आजी खुर्चीवर बसून सगळ्यांच्या चुका काढत होती. कुरडयांचा चीक ढवळताना आमच्या गच्चीवर जे चालायचं, त्यात आणि यात फक्त भाषेचा फरक.

डाळी, आणि न दिसणारं मांस

शाकाहारी माणसाने इटलीत उपाशी राहायचं कारण नाही. चणे, मसूर, राजमा, बाकला हे सगळं गरिबाचं जेवण म्हणून शतकानुशतकं इथे शिजतंय. उम्ब्रियात कास्तेल्लूच्योच्या पठारावरचा बारीक मसूर भिजवावाही लागत नाही. उम्ब्रिया आणि मार्के प्रांतात 'चिचेर्क्या' नावाची वेडीवाकडी, दाताच्या आकाराची डाळ मिळते. विदर्भातल्या माणसाने ती बघताच ओळखावी, लाखोळीच आहे.

चण्याचं पीठ, 'फारिना दि चेची', सगळीकडे मिळतं. एक ध्यानात ठेवायचं: आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, हे पांढऱ्या काबुली चण्याचं. जरा गोडसर आणि अंगाने मऊ. पिठलं होतं, पण तो खमंगपणा येत नाही. जेनोव्यात याच पिठाची 'फारिनाता' करतात: एक भाग पीठ, तीन भाग पाणी, चार-पाच तास ठेवून वरचा फेस काढायचा, आणि सढळ हाताने तेल सोडलेल्या तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजायची. धिरड्याची सुखवस्तू बहीण.

आता पथ्यपाण्याचं, कारण इथे शाकाहाराची व्याख्या ढिली आहे. वाटीत राजम्याचं सूप येतं, आपण विचारतो, "मांस आहे का?" समोरचा मनापासून सांगतो, "छे, नाही." आणि मग, "थोडी पान्चेत्ता आहे चवीला." डुकराच्या पोटाचं हे खारवलेलं, चरबीदार मांस त्याच्या हिशेबात मांसात मोडत नाही, फोडणीत मोडते. इटलीच्याच रोमान्या भागातली 'पियादीना' दिसायला आपली दशमी. २०१४ पासून तिला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे, आणि जुन्या पद्धतीने मोहनाला घालतात 'स्त्रुत्तो', डुकराची चरबी. 'अल्ल ओल्यो' म्हटली तर ऑलिव्ह तेलातली मिळते. हिरव्या भाजीच्या पास्त्यातसुद्धा 'आच्चूगा' असण्याची शक्यता मोठी. ही खारवलेली मासळी आपल्या मांदेलीच्या कुळातली. गरम तेलात पडली की विरघळून जाते, दिसत नाही, नुसती चव मागे ठेवते. कोकणात भाजीत सुका जवळा टाकतात त्या धर्तीवर. ज्यांना चालतं त्यांनी मूठभर चिमे दि रापा, म्हणजे मोहरीच्या भाजीची कडवट चुलत बहीण, लसूण, सुकी मिरची आणि दोन आच्चूगे असा पास्ता करून बघाच. कोकणी जिभेला तो पहिल्या घासात पटतो.

सगळ्यात मोठा धक्का चीजचा. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमात जिन्नस तीनच: दूध, मीठ आणि दूध फाडणारं 'काल्यो'. ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं. ग्राना पादानोचंही तसंच, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. डब्यावर हिरवं पान असलं तरी हे बदलत नाही, कारण नाव वापरायचं तर कृती तीच लागते. ज्यांना चालत नाही त्यांनी 'काल्यो वेजेताले' लिहिलेलं साधं चीज घ्यावं. हे मी नव्या मुलांना आल्या आल्या सांगते. कुणी दोन वर्षं खाल्ल्यावर सांगितलं तर माणूस उगाच हळहळतो.

पुडीवरच्या 'डीओपी' या अक्षरांचा अर्थही इथेच सांगून टाकते. दूध, बनवणं, मुरवणं, सगळं ठरलेल्या मुलखातच झालं पाहिजे. पार्मिजानोसाठी तो मुलूख म्हणजे पार्मा, रेज्जो एमिल्या, मोदेना, आणि रेनो नदीच्या पश्चिमेचा बोलोन्या व पो नदीच्या दक्षिणेचा मांतोवा. चीजच्या एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि किमान बारा महिने मुरवावं लागतं. 'आयजीपी' हे दुसरं मानांकन ढिलं आहे, निदान एक पायरी त्या भागात झाली की पुरे. रत्नागिरी हापूसच्या पेटीत काय काय निघतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा सगळा खटाटोप समजावून सांगावा लागत नाही.

या चीजमागे आपली माणसं आहेत हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांमध्ये पहाटेची धार काढणाऱ्यांत पंजाबी शिखांची संख्या मोठी आहे. रेज्जो एमिल्याजवळ नोव्हेल्लारा गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. चीजचं कवच सुद्धा फेकायचं नसतं. खरवडून, धुऊन सुपात टाकलं की ते मऊ होतं आणि सुपाला अंग येतं. शिळा पावही फेकायचा नाही. तो किसून, अंडं, चीज आणि जायफळ घालून मळतात आणि जाड शेवेसारखा रश्श्यात पाडतात, त्याला 'पास्सातेल्ली' म्हणतात. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या माणसाला ते घर लगेच आपलं वाटतं.

लाटणं

इटली देश म्हणून १८६१ साली एक झाला, स्वयंपाकघरं अजून झालेली नाहीत. दक्षिणेत रव्याचा पास्ता आणि तेल. आमच्या एमिल्यात, म्हणजे बोलोन्याच्या भागात, मैदा, अंडी, लोणी. १०० ग्रॅम '००' ला एक अंडं, पाणी नाही, मीठ नाही. त्याची जी मोठी पोळी लाटतात ती 'स्फोल्या'. ताल्यातेल्ले याच पोळीच्या पट्ट्या. शिजल्यावर पट्टी ८ मिलिमीटर रुंद भरली पाहिजे. १९७२ पासून बोलोन्याच्या व्यापारी मंडळात सोन्याची एक ताल्यातेल्ला नमुना म्हणून ठेवलेली आहे. १९८२ मध्ये तिथेच मांसाच्या रागूचीही (सॉसची) कृती नोंदवली, आणि २०२३ मध्ये तिच्यात सुधारणा केली. 'स्पॅगेटी बोलोनीज' मागितलं तर या गावात लोक सहानुभूतीने बघतात.

पोळ्या येतात म्हणजे मला हेही येईल अशी माझी घमेंड होती. रविवारी सकाळी सिन्योराने मला बोलावलं. तिचं लाटणं, 'मात्तारेल्लो', जवळजवळ माझ्या हाताएवढं लांब, मुठी नसलेलं. पोळपाट म्हणजे टेबलभर लाकडी फळी. अंड्याच्या कवचावरचा शिक्का तिने मला आधी वाचायला लावला: पहिला आकडा ० असेल तर सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या कोंबड्या, २ म्हणजे गोठ्यातल्या, ३ म्हणजे पिंजऱ्यातल्या. मग मळणं पंधरा मिनिटं, झाकून अर्धा तास. आणि लाटणं आपल्यासारखं गोल फिरवून नव्हे. पोळीची कड लाटण्यावर गुंडाळायची, तळहात मधून बाहेरच्या बाजूला सरकवत पुढे रेटायची, उलगडायची, थोडी वळवायची, परत गुंडाळायची. माझी पोळी मधे जाड आणि कडेला फाटकी झाली. तिची टेबलाच्या काठावरून खाली लोंबत होती. ती तिने दोन हातांवर उचलून खिडकीसमोर धरली. बोलोन्यात म्हणतात, स्फोल्यातून सान लूकाचं देऊळ दिसलं पाहिजे. देऊळ त्या खिडकीतून दिसत नाही, पण समोरच्या इमारतीच्या हिरव्या झडपा दिसल्या. मला पुरणाचे मांडे हातावर पसरणारी आत्या आठवली.

त्या दिवशी तिचं ऋण फेडायला मी संध्याकाळी पाटवड्या केल्या. फारिना दि चेची, आलं-लसूण, जिरं, हळद. घट्ट घोटून ताटाला तेल लावून थापल्या, वर खोबरं-कोथिंबीर, शंकरपाळ्यासारख्या कापल्या. तिने एक उचलली, बोटाने दाबून बघितली, तोंडात टाकली. तिची आई पालेर्मोची.

"पानेल्ले," ती म्हणाली. सिसिलीत चण्याचं पीठ असंच घोटून, थापून, कापून तळतात आणि तीळ लावलेल्या पावात घालून रस्त्यावर विकतात. ती उठली, माझ्याच कपाटातून तिने कढई काढली, माझ्याच बाटलीतलं तेल ओतलं आणि माझ्या उरलेल्या सगळ्या पाटवड्या तळल्या. मग लिंबू पिळलं.

"पाव आहे का तुझ्याकडे?"

होता. आदल्या दिवशीचा.